मुलाच्या मानसिक आजाराला आईचे लाड कारणीभूत असतात का?

तुम्ही विचारलंय की एकवीस वर्षांचा मामेभाऊ काही महिन्यांपासून विचित्र वागतोय, नातेवाईक मामीच्या लाडांना दोष देतात, तर खरं कारण काय?

मामीचे लाड हे कारण नाही. एवढं आधी पक्कं करा.

आमच्याकडे हे १९९८ साली झालं. नारायण पेठेतला वाडा, धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. विसर्जनाच्या रात्री ढोलांतून आपलंच नाव घेतायत म्हणून तो माळ्यावर जाऊन बसला. मग खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली, अंघोळ सोडली. आईच्या हातचं खाईना, विष घातलंय म्हणायचा. साताऱ्याहून आत्या आल्या आणि भरल्या घरात म्हणाल्या, "वहिनी, एकुलता एक मुलगा म्हणून तुम्हीच डोक्यावर बसवलात." त्यांच्याच सांगण्यावरून एका बुवाकडे अमावास्येच्या फेऱ्या सुरू झाल्या. चौदा महिने त्यात गेले. उपचार जितके लांबतात तितकं सावरणं अवघड होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

निदान झालं स्किझोफ्रेनियाचं, म्हणजे भास आणि खोटे संशय खरे वाटायला लावणाऱ्या मानसिक आजाराचं. हा आजार साधारण शंभरात एकाला होतो. सख्ख्या भावंडाला असेल तर धोका दहा टक्क्यांच्या आसपास जातो. एकसारख्या जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून कमी. म्हणजे अनुवंश मोठा, पण सगळा नाही. गरोदरपणातल्या किंवा बाळंतपणातल्या अडचणी, कोवळ्या वयातला गांजा, लहानपणीचे आघात, मोठा ताण, असं बरंच त्यात मिसळतं. एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही.

आईला दोष द्यायची खोड फक्त आत्यांची नव्हती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनीच 'स्किझोफ्रेनिया निर्माण करणारी आई' अशी कल्पना मांडली होती. पुढे तिला पुरावा मिळाला नाही, पण तोवर कितीतरी आया त्यात भरडल्या. उलट लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञांच्या अभ्यासात दिसलं की घरात सतत टीका आणि राग असेल तर बरा झालेला रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचं प्रमाण वाढतं. म्हणजे घराने बिघडवायचंच असेल तर ते टोमण्यांनी बिघडतं. आत्या, तुम्ही असतात तर हे तुम्हाला वाचून दाखवलं असतं.

आणि हो, विचित्र वागणं म्हणजे आजारच असं नाही. पालखीत एखादा माणूस रडत, नाचत पंढरपूरला जातो आणि परतून पेरणीला लागतो, त्याला कसलाही आजार नाही. झोप, जेवण, काम, माणसं तुटायला लागली की डॉक्टर गाठायचा.

मी डॉक्टर नाही. तुमच्या भावाला स्किझोफ्रेनियाच आहे असंही म्हणत नाही. थायरॉइड, नशा, मेंदूचे आजार यांतही असं दिसतं, म्हणून तपासणी हवीच. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

जाताना मामीला आत सोबत न्या. तिच्यासमोर डॉक्टरांना विचारा, हिचं काही चुकलं का? उत्तर तिच्या कानांवर पडू दे. आम्ही आईला तेव्हा बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं.