नवऱ्याचे पणजोबा डरहॅमच्या कोळशाच्या खाणीत होते; त्यांचं घराणं कसं शोधायचं?

तुमच्या प्रश्नावरून हाती एवढंच दिसतं: पणजोबा १९००च्या आसपास इंग्लंडच्या डरहॅम काउंटीत खाणकामगार होते आणि ‘खाणीतच गेले’ असं घरात सांगतात. खाणीचा हजेरीपट कुठे मिळेल, असं तुम्ही विचारलंय.

हजेरीपटापासून सुरुवात करू नका. खाणी सरकारी झाल्या १ जानेवारी १९४७ला. त्याआधीच्या खासगी मालकांकडचे कामगारांच्या नावांचे कागद फारच थोडे टिकलेत. माणूस सापडतो तो जन्म-लग्न-मृत्यूच्या दाखल्यांत आणि जनगणनेत, आणि खाणीचं नावही बहुधा तिथूनच कळतं.

पहिला कागद म्हणजे नवऱ्याच्या आजोबांचा जन्मदाखला. त्यावर बापाचं नाव नि धंदा आणि आईचं माहेरचं आडनाव असतं. इंग्लंडमध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७पासून आहे. जनरल रजिस्टर ऑफिस म्हणजे तिथलं जन्म-लग्न-मृत्यू नोंदणीचं सरकारी कार्यालय; त्याच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत आईचं माहेरचं आडनाव अगदी सुरुवातीपासून दिलंय. जुन्या छापील सूचीत ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. डरहॅमकडे रॉबसन, बेल अशी आडनावं गावोगाव भेटतात, तेव्हा हा फरक मोठा आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या जन्मासाठी पूर्ण दाखला मागवू नका. नोंदीची डिजिटल प्रत बरीच स्वस्त पडते आणि मजकूर तोच असतो.

इथे दोन ठिकाणी लोक अडकतात. सूचीत गावाचं नाव नसतं, नोंदणी जिल्ह्याचं असतं: ऑकलंड, लँचेस्टर, ईझिंग्टन, चेस्टर-ली-स्ट्रीट. दुसरं, जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुभा होती, म्हणून डिसेंबरचं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत निघतं. लग्नांसाठी त्या सरकारी सूचीचा उपयोग नाही, तिथे ‘फ्रीबीएमडी’ ही फुकट सूची बघा. लग्नाच्या दाखल्यावर वधू-वर दोघांच्या बापांची नावं नि धंदे मिळतात. बाप हयात नसला तरी तसं लिहिलेलं असेलच असं नाही.

आता जनगणना, आणि खरा माल इथेच आहे. १८४१पासून दर दहा वर्षांनी घरातल्या माणसांची नावं मिळतात. १८४१च्या नोंदीत मात्र पंधरावरच्या माणसांचं वय पाचाच्या पटीत खाली आणलेलं असतं आणि जन्मगाव नसतं, त्याच काउंटीतला की नाही एवढंच. १८५१पासून गाव येतं. कुटुंब सापडलं की नवरा-बायकोपेक्षा मुलांच्या जन्मगावांचा रकाना आधी वाचा. थोरला एका गावचा, मधली दुसऱ्या, धाकटा तिसऱ्या, हा घोटाळा नाही. डरहॅममध्ये १८७२पर्यंत खाणकामगार साधारण वर्षाच्या करारावर बांधला जाई. करार संपला की बिऱ्हाड उचलून दुसऱ्या खाणीवर. पुढेही घर खाणीचंच असल्यामुळे काम सुटलं की घर सुटायचं. त्यामुळे ती जन्मगावं ओळीने मांडली की बापाने कुठल्या खाणींवर काम केलं त्याचा माग लागतो. कुठल्याही हजेरीपटापेक्षा मला हा रकाना जास्त भरवशाचा वाटतो.

धंद्याचे शब्द नीट ओळखा. ट्रॅपर म्हणजे हवेची दारं उघडझाप करणारा पोरगा, पटर म्हणजे कोळशाचे टब ढकलणारा, ह्यूअर म्हणजे प्रत्यक्ष कोळसा फोडणारा. ऑनसेटर शाफ्टच्या, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीच्या तळाशी, बँक्समन तोंडाशी. एकच माणूस पोरवयात ट्रॅपर, मग पटर, पंचविशीत ह्यूअर आणि उतारवयात पुन्हा हलक्या रोजंदारीवर असा दिसतो. धंदा बदलला म्हणून माणूस वेगळा धरू नका. वयाची पडताळणी कायद्यानेही होते: १८४२च्या कायद्याने दहा वर्षांखालचे मुलगे आणि सगळ्या बायका-मुली भूमिगत कामातून बाहेर काढल्या, १९००मध्ये ही मर्यादा तेरा झाली आणि १९११मध्ये चौदा.

१९११च्या जनगणनेच्या तक्त्यात लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली, किती गेली हेही आहे. १९२१चा तक्ता तर खाणकामगारासाठी सोन्यासारखा, कारण त्यात मालकाचं नाव नि कामाची जागा विचारली होती. गंमत अशी की ही जनगणना एप्रिलची, पण खाणकामगारांच्याच तंट्यामुळे लांबून १९ जूनला झाली. खाणमालकांनी केलेली टाळेबंदी तेव्हाही चालूच होती, म्हणून ‘बेकार’ असा शेरा दिसला तर घाबरू नका. पणजोबा तोवर गेले असतील तर त्यांच्या भावांचे तक्ते काढा. १९३१ची जनगणना आगीत नष्ट झाली. त्यापुढे २९ सप्टेंबर १९३९ला देशभर केलेली माणसांची नोंदवही आहे.

‘खाणीतच गेले’ हे मृत्यूच्या दाखल्यावरून ठरवा. अपघात असेल तर माहिती देणारा म्हणून कॉरोनरचं (अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं) नाव येतं, चौकशीची तारीख असते आणि कारणात ‘छताचा दगड पडून’ असं काही. घरच्या आठवणी बहुधा मोठ्या स्फोटाला जाऊन चिकटतात, उदाहरणार्थ १६ फेब्रुवारी १९०९चा वेस्ट स्टॅनलीचा, ज्यात १६८ जण गेले. पण खाणींत सर्वांत जास्त माणसं एकेकट्याने, छत कोसळूनच मेली. जखमी माणूस आठवड्यांनी इस्पितळात गेला तर नोंद दुसऱ्याच जिल्ह्यात असते, हे लक्षात असू द्या. कॉरोनरची मूळ कागदपत्रं क्वचितच उरलीत, म्हणून चौकशीच्या तारखेनंतरच्या आठवडाभराची स्थानिक वर्तमानपत्रं चाळा. डरहॅम मायनिंग म्युझियमच्या संकेतस्थळावर उत्तर इंग्लंडच्या खाणींतल्या मृतांची नावं खाणीनुसार दिली आहेत; तिथे आडनाव टाकून बघणं हे पाच मिनिटांचं काम.

त्यानंतर विधवा गायब होते. ती गेलेली नसते. बहुधा खाणीचं घर सोडावं लागलेलं असतं आणि पुन्हा लग्न झालेलं असतं. मुलं सावत्र बापाच्या आडनावाखाली शोधा. जुन्या तक्त्यांत सावत्र मुलाला ‘सन-इन-लॉ’ लिहीत, त्याला जावई समजू नका.

१८३७च्या मागे जायचं तर चर्चच्या नोंदवह्या. १८१३पासूनच्या छापील बाप्तिस्मा वह्यांत बापाचा धंदा असतो, तिथे ‘पिटमन’ म्हणजे खाणकामगार शोधा. खाणवस्त्यांत मेथडिस्ट (सरकारमान्य चर्चपासून वेगळा ख्रिस्ती पंथ) पुष्कळ, त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे त्यांच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या वहीत सापडतात. लग्नं मात्र १७५४ ते १८३७ या काळात कायद्यानेच सरकारमान्य चर्च ऑफ इंग्लंडमध्ये लावावी लागत, तेव्हा ती तिकडे बघा.

गाव आजच्या नकाशावर दिसलं नाही तर नाव चुकलं असं लगेच ठरवू नका. १९५१च्या काउंटी आराखड्यात डरहॅमची बरीच खाणगावं ‘डी’ वर्गात टाकून मरू दिली गेली. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी मोजणीचे) नकाशे फुकट आहेत. त्यांत खाण, शाफ्ट आणि बऱ्याचदा घरांची रांगसुद्धा ओळखता येते.