आईनंतर भावाचं कोण बघणार? गावातच त्याची सोय होऊ शकते का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा : भाऊ 24 वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग, बोलणं मोजकं, अधूनमधून आकडी येते. विशेष शाळा अठराव्या वर्षी सुटली आणि तेव्हापासून तो घरीच आहे. आईची कंबर गेलेली, वडील शेतात, तुम्ही लग्न होऊन पुण्यात. आता निवासी संस्था शोधावी की गावातच काही करता येईल?

मी विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं तालुक्यातल्या घराघरांत जाऊन हेच काम करते. माझं म्हणणं, आधी गावात. संस्था वाईट असतात म्हणून नाही. आज भावाचं सगळं एकट्या आईला कळतं : भूक लागली की तो काय करतो, कुठल्या आवाजाला घाबरतो, पोटात दुखतंय हे कशावरून ओळखायचं. हे दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसेल, तर उद्या तो चांगल्यातल्या चांगल्या संस्थेत गेला तरी तिथल्या माणसांना ते कोण सांगणार? आणि आई चार दिवस दवाखान्यात राहिली तर?

म्हणून पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आईशेजारी बसून एक वही लिहून काढा. सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचा दिवस कसा जातो, औषधं कोणती आणि किती वाजता, काय आवडतं, चिडला की काय केल्यावर शांत होतो. मग ती वही चुलतभाऊ, शेजारच्या काकू, आशाताई (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या) यांच्यासमोर वाचा आणि त्यांच्या हातून एकेक गोष्ट करवून घ्या. नुसतं सांगून उपयोग होत नाही.

आकडीचं मात्र सगळ्या आळीला सांगा. अजूनही लोक कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, तोंडात चमचा घालतात. यातलं काहीही करायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. बरं वाटतंय म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत.

दुसरी गोष्ट अंघोळीची. 24 वर्षांच्या मुलाला आईने अंघोळ घालणं तिच्या कंबरेला झेपत नाही, आणि त्यालाही त्याची लाज असते, बोलता येत नसलं तरी. हे काम वडिलांनी किंवा चुलतभावाने घ्यावं आणि त्यातलं थोडं थोडं त्याच्याकडे सोपवावं. शिकवताना शेवटून सुरुवात करा. शर्ट तुम्ही घाला, शेवटचं बटण फक्त त्याला लावू द्या. ते जमलं की शेवटची दोन. असं केलं की काम पुरं केल्याचं समाधान दर वेळी त्याच्या वाट्याला येतं आणि तो पुढच्या पायरीला तयार होतो. बटण जमतच नसेल तर वेल्क्रो शिवून घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

घरच्यांना आणि गावकऱ्यांनाच शिकवायची ही पद्धत जुनी आहे. प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या 1978 च्या अल्मा आटा परिषदेनंतर जागतिक आरोग्य संघटनेने ती पुढे आणली, 1989 मध्ये तिच्या प्रशिक्षण पुस्तिकाही काढल्या. खेड्यातल्या प्रत्येक घरापर्यंत थेरपिस्ट पोचणार नाही, हे तेव्हाच उघड होतं. आजही आपल्या तालुक्यांत वेगळं चित्र नाही.

त्याला घराबाहेर रोज काहीतरी हवं. दूध डेअरीत कॅन धुणं, गिरणीत डबे लावणं, देवळाचं आवार झाडणं, शेळ्यांना पाला घालणं. ठरलेली वेळ, ठरलेलं माणूस, आणि काम केलं की थोडे का होईना पैसे त्याच्या हातात. तो बाहेर असतो ते तीन-चार तास आईचे असतात. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण थकलेल्या आईचा विचार कुठल्याच अर्जात केला जात नाही.

आता कागद. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर आधी ते, बाकी सगळं त्यावर अडतं. तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. राष्ट्रीय न्यास ही बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठीची केंद्र सरकारची संस्था, तिचा निरामय आरोग्य विमा : वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, थेरपीचाही त्यात समावेश. आणि पालकत्व. मूल अठराचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना माहीत नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समिती पालक नेमते. बहीण म्हणून तुम्हीही अर्ज करू शकता. आईवडील हयात असतानाच हे करून घ्या.

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बहुतेक ठिकाणी तो थोडा थोडा वाटून संपतो. माझं मत असं की आसपासची चार-पाच कुटुंबं एकत्र आली, तर ग्रामसभेत एका खोलीची आणि दिवसा सांभाळणाऱ्या माणसाच्या मानधनाची मागणी करावी. सामूहिक सोयीसाठीही हा निधी वापरता येतो. भीक मागतोय असं वाटू देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क आणि त्यासाठी लागणारी मदत, दोन्ही लिहिलेलं आहे. अशी कुटुंबं कुठे आहेत हे आशाताईंना आणि गट साधन केंद्रातल्या (शिक्षण विभागाच्या तालुक्याच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकांना माहीत असतं.

पुढे कधी निवासी सोय लागलीच, तर पालकांनी उभारलेल्या जागा आधी बघा. डोंबिवलीजवळ खोणी गावातलं अमेय पालक संघटनेचं घरकुल असंच उभं राहिलं. कुठेही गेलात तरी न कळवता एकदा जेवणाच्या वेळी जा, संडास-बाथरूम बघा, राहणाऱ्यांना स्वतःचं कपाट आणि स्वतःचे कपडे आहेत का ते विचारा. घरच्यांना भेटायला ठरावीक दिवसच येऊ देत असतील तर तिथे ठेवू नका. आणि एकदम कायमचं सोडू नका. आधी दोन दिवस, मग आठवडा, असं करत तो तिथे जेवतो-झोपतो का ते बघून मग ठरवा. जाताना वही बरोबर द्या.