‘देव मानणे’ आणि ‘देवावर विश्वास ठेवणे’

कोल्हापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की, ‘मी देव मानतो’, ‘माझी देवावर श्रद्धा आहे’ आणि ‘मी देवावर विश्वास ठेवतो’ ही वाक्ये ख्रिस्ती जीवनाविषयी लिहिताना एकमेकांच्या जागी वापरता येतील का, आणि असा विश्वास असलेल्या व्यक्तीला ‘विश्वासू’ म्हणावे की ‘विश्वासी’. माझ्या मते ही वाक्ये सरसकट अदलाबदल करण्याजोगी नाहीत, आणि त्यांतील महत्त्वाचा भेद नामापेक्षा क्रियापदात आहे.

आपल्या भागात ‘आमच्यात जोतिबा मानतात’ असे म्हटले जाते, तेव्हा बोलणारा घराण्याची रीत सांगत असतो. त्याने स्वतः काही ठरवले आहे, असे त्यातून निघत नाही. ‘आम्ही येशूला मानतो’ हे वाक्यही शेजाऱ्यांना ओळख सांगण्यापुरते योग्यच आहे. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले आणि येथे प्रोटेस्टंट मिशनचे काम सुरू झाले. तेव्हापासून पिढ्या उलटल्या असल्याने ख्रिस्ती असणे हीसुद्धा कित्येक घरांत वारशाने आलेली गोष्ट आहे. बाळपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलामुलींनी जाणत्या वयात दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याच्या विधीच्या वेळी स्वतःच्या तोंडाने विश्वासाचा अंगीकार करावा, अशी अपेक्षा असते ती याचसाठी. तेथे ‘मानतो’ हे क्रियापद अपुरे पडते.

बायबलमध्येही हा भेद आहे. याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात म्हटले आहे की, देव एकच आहे हे भुतांनाही पटलेले असते आणि ती थरथर कापतात. मूळ ग्रीकमध्ये तेथे ‘पिस्तेउओ’ (विश्वास ठेवणे) हेच क्रियापद आहे, परंतु त्याला ‘देव एक आहे’ असे विधान जोडलेले आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र त्याच क्रियापदाबरोबर पुष्कळदा ‘एइस’ हे दिशा दाखवणारे अव्यय येते आणि एखादे विधान खरे मानण्यापलीकडे जाऊन व्यक्तीवर स्वतःला सोपवण्याचा अर्थ उमटतो.

ग्रीक भाषा हे काम अव्ययाकडून करून घेते, तर मराठी ते सोबतच्या क्रियापदाकडून करून घेते. विश्वास असतो, बसतो, उडतो, ढळतो. आणि विश्वास ठेवला जातो, धरला जातो, टाकला जातो. पहिल्या गटात विश्वासाचे काहीतरी आपोआप होते आणि माणूस ‘माझा’ एवढ्यापुरता उरतो. दुसऱ्या गटात माणूस स्वतः काही करतो. म्हणूनच ‘माझा विश्वास बसत नाही, तरी मी ठेवतो’ हे वाक्य मराठीत परस्परविरोधी ठरत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला नेमके असेच काहीतरी सांगतो: विश्वास आहे, पण माझ्या अविश्वासाबाबत मला साहाय्य करा. विज्ञान शिकलेला, प्रार्थना करूनही आपले माणूस गमावलेला आजचा तरुण जेव्हा ‘विश्वास बसत नाही’ असे म्हणतो, तेव्हा त्याला अविश्वासी ठरवण्याची घाई कोणीही करू नये, असे मला मनापासून वाटते. त्याने ‘बसत नाही’ म्हटले आहे, ‘ठेवणार नाही’ असे म्हटलेले नाही.

उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या अंगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीर कबुलीत, ‘मी विश्वास ठेवतो’ असे येते. येथे पुरुष ‘ठेवतो’ आणि स्त्री ‘ठेवते’ म्हणते, म्हणजे समुदायाने एकत्र म्हटलेल्या वाक्यातही प्रत्येकाचे व्याकरण वेगळे राहते. (कोल्हापुरी बोलीत बायकाही ‘मी जातो’, ‘मी करतो’ असे सहज म्हणतात, तो भाग निराळा.) ग्रीक क्रियापदात हा लिंगभेद दिसत नाही.

‘श्रद्धा’ या शब्दाबद्दल थोडक्यात. तो ऋग्वेदाइतका जुना आहे, त्यात आदर आणि पूज्यभाव अधिक आहे, आणि वसईच्या कॅथलिक लेखनात तो रूढ आहे. त्याला चूक म्हणण्याचे कारण नाही. मात्र मित्रावर किंवा आईवर आपण विश्वास ठेवतो, श्रद्धा सहसा ठेवत नाही. देवाशी असलेले नाते रोजच्या माणसांमधल्या नात्याच्या भाषेत सांगायचे असेल, तर ‘विश्वास’ अधिक जवळचा आहे, आणि मराठी बायबलने तोच शब्द रुजवला.

आता ‘विश्वासू’. मराठीत त्याचा अर्थ ज्याच्यावर विसंबता येते असा आहे: विश्वासू नोकर, विश्वासू साथीदार. ग्रीकमधील ‘पिस्तोस’ या एकाच विशेषणात विसंबण्याजोगा आणि विसंबणारा असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्यांची वाटणी करावी लागते. ‘विश्वासी’ हा शब्द अनेक मंडळ्यांत (चर्चच्या समुदायांत) ऐकू येतो आणि तो हिंदीला जवळचा आहे. बोलण्यात तो राहू द्यावा, पण छापील लेखात ‘विश्वास ठेवणारे’ किंवा जुने ‘विश्वासणारे’ लिहावे. ‘विश्वासू’ मात्र ‘देव विश्वासू आहे’ अशा वाक्यांसाठी राखून ठेवावा, कारण तेथे त्याच्यावाचून दुसरा शब्द चालत नाही.