जिनिव्हातला कागद न्यू यॉर्कला पोहोचतो का?

वाचकांचे प्रश्न

आंतरराष्ट्रीय सुरक्षेसाठी नेमलेल्या संस्थांनी, म्हणजे मुख्यतः संयुक्त राष्ट्रांच्या न्यू यॉर्कमधल्या सुरक्षा परिषदेने, मानवी हक्कांत लक्ष घालावं का, या विषयावर आम्ही प्रश्न मागवले होते. खान्देशातून बरीच पत्रं आली. त्यांतली काही इथे उत्तरांसह देत आहोत.

निवृत्त मुख्याध्यापक, चाळीसगाव : सनदेचं कलम २(७) सांगतं की देशांच्या अंतर्गत बाबींत संयुक्त राष्ट्रांनी पडू नये. मग एखादं सरकार स्वतःच्याच नागरिकांशी कसं वागतं, हे सुरक्षा परिषदेने का पाहावं?

सर, त्या कलमाचं शेवटचं वाक्य बहुतेक वेळा वगळून कलम सांगितलं जातं. सातव्या प्रकरणाखालच्या सक्तीच्या उपायांना ही मनाई आड येणार नाही, असं ते वाक्य आहे. सातव्या प्रकरणाची सुरुवात कलम ३९ ने होते. शांततेला धोका आहे का, शांतता भंगली का, आक्रमण झालं का, हे ठरवण्याचा अधिकार त्यात परिषदेला दिला आहे. हा धोका सीमेपलीकडूनच आला पाहिजे, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. कलम २४(२) प्रमाणे परिषदेने संयुक्त राष्ट्रांच्या उद्दिष्टांना धरूनच वागायचं आहे, आणि कलम १(३) मध्ये मानवी हक्कांचा आदर वाढवणं हे त्यांतलंच एक उद्दिष्ट आहे.

‘ही आमच्या घरातली बाब’ हा युक्तिवाद भारताने फार पूर्वी ऐकला आहे, तोही समोरच्या बाजूने. १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने आमसभेत नेला. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिकेने हेच कलम २(७) पुढे केलं आणि तरीही आमसभेने दोन तृतीयांश मतांनी भारताचं म्हणणं उचलून धरलं. सुरक्षा परिषदेला मात्र हलायला फार वेळ लागला. २१ मार्च १९६० ला दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली, तेव्हा परिषदेने ठराव १३४ केला. सक्तीची शस्त्रबंदी आली ती ४ नोव्हेंबर १९७७ ला, ठराव ४१८ ने. म्हणजे भारताने दार ठोठावल्यापासून एकतीस वर्षांनी. परिषदेने मानवी हक्कांत लक्ष घातलं ही चूक नाही. घालायला एवढा उशीर केला, ही चूक आहे.

शेतकरी, साक्री तालुका : आमच्या पांझराकाठच्या फडात पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पिकाची राखण करतो. एकाच्या कामात दुसरा पडत नाही. मानवी हक्कांसाठी जिनिव्हात वेगळी परिषद आहे ना? मग न्यू यॉर्कवाल्यांनी त्यात कशाला पडायचं?

दाखला चांगला दिलात, तोच पुढे नेऊ. रात्री राखणीला गेलेल्या जागल्याला पाट फुटलेला दिसला, तर तो ‘पाणी माझं काम नाही’ म्हणून घोंगडी ओढून झोपतो का? पाटकऱ्याला जाऊन उठवतो. संयुक्त राष्ट्रांत नेमकं हे उठवणंच होत नाही.

रुआंडाचं उदाहरण बघा. मनमानी हत्यांचा तपास करणारे, तेव्हाच्या मानवी हक्क आयोगाचे (जिनिव्हातल्या आजच्या परिषदेच्या आधीची संस्था) विशेष प्रतिवेदक बाक्र वाली एनजाय एप्रिल १९९३ मध्ये तिथे गेले होते. ऑगस्टमध्ये त्यांचा अहवाल आला. तुत्सी जमातीच्या लोकांना केवळ ते तुत्सी आहेत म्हणून मारलं जातंय आणि या प्रकाराला वंशसंहारविरोधी करार लागू होऊ शकतो, इतकं स्पष्ट त्यात लिहिलं होतं. अहवाल जिनिव्हाच्या व्यवस्थेत दाखल झाला आणि तिथेच पडून राहिला. ५ ऑक्टोबर १९९३ ला न्यू यॉर्कमध्ये ठराव ८७२ ने रुआंडासाठी शांतिसेना मंजूर झाली, कमाल २,५४८ जणांची. सरकार आणि बंडखोर या दोन पक्षांनी समझोता केलाय, त्यावर देखरेख ठेवायची, एवढ्याच हिशेबाने ती बेतलेली होती. कत्तलीची पूर्वसूचना देणारा अहवाल या आखणीत विचारातच घेतला गेला नाही. पुढे १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीच नेमलेल्या स्वतंत्र चौकशीने ही चूक दाखवून दिली.

११ जानेवारी १९९४ ला या शांतिसेनेचे प्रमुख दलेर यांनी शस्त्रसाठ्यांची खबर तारेने मुख्यालयाला कळवली. छापा घालू नका, असं त्यांना उत्तर आलं. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाली आणि २१ एप्रिलला परिषदेने ठराव ९१२ करून सैन्य २७० वर आणायचं ठरवलं. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्या वर्षी परिषदेच्या पंधरा खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर खुद्द रुआंडा सरकारचा प्रतिनिधी बसलेला होता, हेही विसरू नका.

म्हणून आमचं मत ठाम आहे. अटका, गायब केलेली माणसं, एका जमातीविरुद्ध रेडिओवरून चाललेला प्रचार, ओळखपत्र पाहून होणारी मारहाण, या सगळ्या बातम्या सैन्य हलण्याच्या कितीतरी आधी येतात. त्या न वाचणारी सुरक्षा संस्था आपलं सुरक्षेचंच काम अर्धं सोडून देते.

एमपीएससीची विद्यार्थिनी, जळगाव : एखाद्या देशातला मानवी हक्कांचा विषय परिषदेपुढे येतो कसा? तिथेच नकाराधिकार वापरून तो अडवता येतो का?

नाही, आणि पाठ्यपुस्तकात नेमका हाच भाग कमी असतो. कलम २७ मध्ये दोन प्रकारची मतदानं आहेत. कार्यपद्धतीच्या विषयाला पंधरापैकी कोणतीही नऊ मतं पुरतात, तिथे नकाराधिकार चालत नाही. इतर विषयांना नऊ मतं तर लागतातच, शिवाय पाच कायम सदस्यांपैकी एकाचंही विरोधी मत असून चालत नाही. कायम सदस्य तटस्थ राहिला तर प्रथेप्रमाणे तो नकाराधिकार धरत नाहीत. विषय अजेंड्यावर घ्यायचा का, हा कार्यपद्धतीचा प्रश्न आहे.

क्रम साधारण असा. सदस्य देश अध्यक्षांना पत्र लिहून बैठक मागतात. अध्यक्षपद इंग्रजी वर्णक्रमाने दर महिन्याला फिरतं. कुणी हरकत घेतली की अजेंड्यावरच मतदान होतं. विषय मंजूर झाला की कार्यपद्धतीच्या नियम ३९ खाली अधिकाऱ्यांना माहिती द्यायला बोलावलं जातं. २२ डिसेंबर २०१४ ला उत्तर कोरियाचा विषय असाच आला. बाजूने ११, विरोधात चीन आणि रशिया, तटस्थ दोन. दोन कायम सदस्यांचा विरोध असूनही बैठक झाली.

आता हेच गणित उलटं कसं पडतं ते बघ. १९ मार्च २०१८ ला मानवी हक्क उच्चायुक्त झैद राद अल हुसैन सीरियाबद्दल परिषदेला माहिती देणार होते. रशियाने हरकत घेतली. बाजूने आठ, विरोधात चार, तटस्थ तीन. एक मत कमी पडलं आणि अधिकृत बैठक बारगळली. झैद यांनी नंतर तीच माहिती सदस्यांना अनौपचारिक बैठकीत दिली. १९९२ पासून ‘आरिया पद्धत’ या नावाने चालत आलेल्या या बैठकीत ठराव होत नाही. अशा वेळी निकाल तटस्थ राहणाऱ्यांच्या हातात असतो. तटस्थ मत नऊच्या मोजणीत धरलं जात नाही, त्यामुळे त्याचा परिणाम विरोधी मतासारखाच होतो. परीक्षेसाठी एवढं नक्की लक्षात ठेव.

खरी अडचण पुढे, ठरावाच्या वेळी येते. म्यानमारवरचा मसुदा जानेवारी २००७ मध्ये नऊ मतं मिळूनही चीन आणि रशियाच्या नकाराधिकाराने पडला. ठराव २६६९ व्हायला डिसेंबर २०२२ उजाडलं. बारा मतं बाजूने, तीन तटस्थ. त्या तिघांत भारत होता, आणि आपण शेजारी असूनही तटस्थ राहिलो हे आम्हाला पटलेलं नाही. २६ एप्रिल २०२२ च्या आमसभेच्या ठरावानंतर एक सुधारणा झाली आहे : कुणी नकाराधिकार वापरला की दहा कामकाजी दिवसांत आमसभेत त्यावर चर्चा होते. त्याने नकाराधिकार रद्द होत नाही, पण तो का वापरला याचं उत्तर सगळ्यांपुढे द्यायची वेळ येते.

आयुधनिर्माणीतील कर्मचारी, वरणगाव : मानवी हक्कांचं नाव घेऊन बडे देश बॉम्ब टाकतात. लिबियात काय झालं?

तुमचा आक्षेप योग्य आहे. १७ मार्च २०११ चा ठराव १९७३ नागरिकांच्या संरक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ करायला परवानगी देत होता. दहा मतं बाजूने पडली. भारत, ब्राझील, जर्मनी, रशिया आणि चीन तटस्थ राहिले. नाटोने ही परवानगी गद्दाफींची सत्ता जाईपर्यंत ताणली. ठरावाला मुदतीची तारीखच नव्हती, त्यामुळे ती संपवायला ऑक्टोबरअखेर वेगळा ठराव करावा लागला. त्याची किंमत सीरियातल्या लोकांनी मोजली. ४ ऑक्टोबर २०११ पासून सीरियावरचे मसुदे एकामागून एक अडवले गेले आणि अडवणारे दर वेळी लिबियाचा दाखला देत राहिले.

पण बळाचा वापर हे परिषदेच्या हातातलं शेवटचं हत्यार आहे. त्याआधी सुनावणी, तपास पथक, मध्यस्थी, शस्त्रबंदी, न्यायाधिकरण, एवढं सगळं आहे. आणि बळ वापरायचंच असेल, तर परवानगीला मुदत हवी, उद्दिष्ट नेमक्या शब्दांत हवं आणि ठरावीक दिवसांनी परिषदेपुढे हिशेब हवा. ब्राझीलने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘संरक्षण करतानाची जबाबदारी’ या नावाने साधारण हीच मागणी मांडली होती. आम्हाला ती आजही रास्त वाटते.

केळी निर्यातदार, रावेर : निर्बंध लागले की राज्यकर्ते सुखात राहतात आणि मरतो तो गरीब. मग हा मानवी हक्कांचा भंगच नाही का?

सरसकट निर्बंधांच्या बाबतीत होय. ६ ऑगस्ट १९९० च्या ठराव ६६१ ने इराकचा सगळा व्यापार थांबला. औषधांना सूट होती, बिकट परिस्थितीत अन्नालाही होती, पण तेलच विकता येत नव्हतं, मग खरेदीला पैसा कुठून आणायचा? तेलाच्या बदल्यात अन्नाची परवानगी एप्रिल १९९५ मध्ये मिळाली आणि अन्नाची पहिली खेप मार्च १९९७ मध्ये पोहोचली. या अनुभवानंतर परिषद व्यक्तींची आणि संघटनांची यादी करून त्यांची खाती गोठवणं, प्रवासबंदी आणि शस्त्रबंदी अशा नेमक्या निर्बंधांकडे वळली.

त्यातही मेख आहे. यादीत चुकून नाव आलं तर दाद कुणाकडे मागायची? यादीत नाव आलेल्या कादी या सौदी उद्योगपतीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने ३ सप्टेंबर २००८ ला हाच प्रश्न विचारला. त्यानंतर, २००९ मध्ये, अल कायदा यादीसाठी स्वतंत्र लोकपालाचं पद निर्माण केलं गेलं. लोकपाल आधी चार महिने माहिती गोळा करतो, मग दोन महिने अर्जदाराशी बोलतो. दोन्ही टप्पे दोन-दोन महिन्यांनी वाढवता येतात. त्याने नाव काढायची शिफारस केली की साठ दिवसांत समितीने एकमताने विरोध केला नाही, किंवा कुणी प्रकरण परिषदेकडे नेलं नाही, तर नाव आपोआप निघतं. बाकीच्या याद्यांना असा लोकपाल नाही. सुरक्षा संस्थेने दुसऱ्यांच्या मानवी हक्कांत लक्ष घालायचं, तर आधी स्वतःच्या याद्या साफ ठेवल्या पाहिजेत.

जवानाची पत्नी, भडगाव : माझे यजमान शांतिसेनेत जाणार आहेत. तिथे मानवी हक्कांबद्दल त्यांना काय करावं लागतं?

ताई, सर्वांत महत्त्वाचा नियम स्थानिक सैन्याला द्यायच्या मदतीबद्दलचा आहे आणि तो २०११ पासून लागू आहे. डिझेल, रेशन, वाहनं, प्रशिक्षण किंवा संयुक्त मोहिमेचा आराखडा, यांतलं काहीही देण्याआधी ते घेणाऱ्या तुकडीची आणि तिच्या अधिकाऱ्याची पूर्वपीठिका तपासतात. धोका असेल तर अटी घालतात, उदाहरणार्थ अधिकारी बदला. मदत सुरू असताना नजर ठेवतात. गंभीर अत्याचार थांबले नाहीत तर मदत बंद होते. जखमींना हलवण्याचं काम मात्र या नियमातून वगळलेलं आहे. काँगोच्या सैन्याच्या एका मोहिमेचं नेतृत्व २०१५ च्या सुरुवातीला अत्याचारांचे आरोप असलेल्या दोन जनरलांकडे दिलं गेलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी मदत रोखली. तुकडीचं नाव कितीही स्वच्छ असलं तरी अधिकाऱ्याची बदली होते आणि त्याचा इतिहास त्याच्यासोबत नव्या तुकडीत जातो. म्हणून तपासणी माणसाच्या नावाने व्हावी लागते.

यजमानांनी काही पाहिलं तर दिनांक, वेळ, ठिकाण आणि तुकडीची खूण त्याच दिवशी लिहून वरिष्ठांमार्फत मोहिमेच्या मानवी हक्क शाखेला द्यावी. आपल्याच जवानाकडून गुन्हा घडला तर खटला त्याच्या मायदेशी चालतो. लैंगिक अत्याचारांचे प्रकार वारंवार घडले तर मार्च २०१६ च्या ठराव २२७२ प्रमाणे पूर्ण तुकडीच परत पाठवता येते.

वाचक, शहादा : सामान्य माणसाला थेट सुरक्षा परिषदेकडे तक्रार करता येते का?

तशी सोय नाही. आधी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे जा. शुल्क नाही, मराठीत अर्ज चालतो, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. सैन्याविरुद्धच्या तक्रारीत आयोग केंद्र सरकारकडून अहवाल मागवून शिफारस करू शकतो. जिनिव्हातल्या विशेष प्रतिवेदकांना थेट लिहिता येतं आणि त्यासाठी देशातले सगळे उपाय संपलेले असणं सक्तीचं नाही. तिथे मराठी चालणार नाही, इंग्रजीत लिहा. पीडिताचं नाव आणि संमती, तारीख, ठिकाण, कुणी काय केलं हे क्रमाने द्या. नुसती वर्तमानपत्राची कात्रणं जोडलीत तर तक्रार घेत नाहीत. प्रतिवेदकांचं पत्र सरकारकडे गेलं की साधारण साठ दिवसांनी ते आणि सरकारचं उत्तर जाहीर होतं, त्यामुळे पीडिताचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते सुरुवातीलाच स्पष्ट लिहा.