विचारा काकांना: आरटीएत तंबाखूची चव मरते कुठे?

प्रश्न: काका, मी दाभोळचा, मर्चंट नेव्हीत फिटर आहे. सिगरेट सुटावी म्हणून वेप (ई-सिगरेट) धरला. हल्लीच युरोपातल्या एका बंदरात स्वतः कॉइल बांधायचा एमटीएल आरटीए, म्हणजे वेपची टाकी, घेतला, दुकानदार म्हणाला तंबाखू फ्लेवरसाठी ह्याच्या तोडीचा दुसरा नाही. पण मला माझ्या जुन्या आरटीएत नि ह्यात काडीचा फरक कळत नाही, उलट कधी गोडगोड लागतं, कधी जळकट. पैसे पाण्यात गेले का? आणि असला आरटीए चांगला की वाईट हे ठरवायचं कसं?
– एक दर्यावर्दी, दाभोळ

उत्तर: अरे, दुकानदाराचं काय घेऊन बसलास, त्याला माल खपवायचा असतो. मला आधी हे सांग, जुन्यात जी कॉइल आहे तीच नव्यात आहे का? तार तीच, वेढे तेवढेच, कापूस तोच, वॉट तेवढेच? पत्रात ह्यातलं काहीच लिहिलं नाहीस. नसेल तर तू दोन आरटीए तपासतच नाहीयेस, दोन वेगळ्या कॉइली तपासतोयस आणि खापर आरटीएवर फोडतोयस. माझं तर स्पष्ट मत आहे की ज्याला लोक आरटीएचा दोष म्हणतात तो बहुतेक वेळा कापसाचा नाहीतर तारेचा असतो.

ज्यांना ह्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. आरटीए म्हणजे लिक्विड भरायची काचेची टाकी, तिच्या पोटात छोटा डेक (बैठक), त्यावर आपणच तार गुंडाळून कॉइल बसवायची, तिच्यातून कापूस ओवायचा, आणि खाली बॅटरीवाला मॉड. कॉइल तापली की कापसातल्या लिक्विडची वाफ होते. एमटीएल म्हणजे माऊथ टू लंग, सिगरेटसारखं आधी तोंडात मग छातीत. आणि हो, तू मॉडेलचं नाव लिहिलं होतंस ते मी काढून टाकलंय, कारण २०१९ च्या कायद्याने आपल्याकडे ई-सिगरेटची जाहिरातसुद्धा बंद आहे आणि आमच्या संपादकबाईंनी आधीच डोळे वटारलेत.

आता मुद्द्यावर येऊ. आरटीएच्या स्वतःच्या हातात काय असतं, तर हवा किती नि कुठून येते, कॉइलभोवतीची चेंबर केवढी आहे, लिक्विड कापसापर्यंत नीट पोचतं का आणि टाकी गळते का. बस, एवढंच. हवेचं भोक साधारण १ ते १.५ मिमी असलं की सिगरेटच्या जवळचा ड्रॉ (ओढ) मिळतो, ०.८ ला चांगलाच घट्ट होतो, आणि २ च्या पुढे गेलास की त्याला एमटीएल म्हणण्यात फारसा अर्थ नाही. मॉड बंद ठेवून नुसतंच ओढून बघ, शिट्टी वाजते का, घरघरतं का, एअरफ्लोची रिंग फिरवल्यावर प्रत्येक खाचेला खरंच फरक पडतो की नुसतीच फिरते. मग सगळी भोकं बोटांनी दाबून धर आणि ओढ. तरीही हवा आली तर ती टाकी आणि बेसच्या सांध्यातून चोरून येतेय, ओ-रिंग (रबरी कडी) बघ, कारण अशा आरटीएत भोक कितीही बारीक केलंस तरी ड्रॉ सैलच राहणार आणि चव पातळ. महागड्या मालातही हा दोष निघतो, किंमत बघून दबू नको.

चेंबर लहान आणि वर घुमटासारखी निमुळती असेल तर वाफ दाट राहते, तंबाखूला ते मानवतं. कॉइल हवेच्या भोकाच्या बरोब्बर वर, एक-दीड मिमी अंतर ठेवून बसव. फार उंच बसवलीस की हवा बाजूने निसटते, मग चव फिकी, आणि आरटीए बिचारा उगाच बदनाम. ड्रिप टिप (तोंडात धरायची नळी) लांब नि बारीक असेल तर वाफ थंड होऊन येते, तंबाखू थोडा गरमच बरा लागतो, त्यामुळे आखूड टिप लावून एकदा बघच. आणि नवा आरटीए धुतलास का रे? कारखान्यातलं मशीनचं तेल आटीत राहिलेलं असतं, सगळे भाग सुटे करून गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धू. ओ-रिंगा वेगळ्या काढून धू, रबर आधीच्या लिक्विडचा वास धरून ठेवतं, जुन्यात मागे कधी आंबा-बिंबा भरला असशील तर तुझा तंबाखू तिथेही गोडच लागणार.

तपासायला कॉइल अगदी साधी घे. २८ गेजची कँथल तार, अडीच मिमीच्या दांड्यावर ६ वेढे, साधारण १ ओहमच्या आसपास येतं, ११ वॉटने सुरुवात कर आणि एकेक वॉट वाढवत १४ पर्यंत जा. दोन्ही आरटीएत हीच. त्या तारेवर बारीक तार गुंडाळलेल्या क्लॅप्टन कॉइली वगैरे आत्ता नकोत. कापूस घालण्याआधी मॉडवर ओहम बघ, आकडा ठरला पाहिजे. बोटीवरची खारी हवा म्हणजे आरटीए नि मॉड जोडणाऱ्या ५१० च्या पिनवर हिरवट थर चढायला वेळ लागत नाही, मग आकडा ०.९, १.२, परत १.० असा नाचतो आणि प्रत्येक झुरका वेगळा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पिन पुसून घे, तू फिटर आहेस, तुला कॉन्टॅक्ट साफ करायचं मी काय शिकवणार. आकडा शून्याकडे गेला किंवा मॉडने शॉर्ट दाखवलं तर कॉइलचा पाय कुठेतरी टेकलाय, तिथेच थांब.

जळकट लागतं म्हणालास ना, ते मला शंभर टक्के कापसाचं वाटतंय. कॉइलमधून ओढताना कापूस किंचित अडला पाहिजे पण कॉइल वाकता कामा नये. टोकं थोडी विंचरून हलकी कर आणि लिक्विडच्या खिडकीवर नुसती टेकव, कोंबायची नाहीत. लोक गळतीच्या भीतीने कोंबतात आणि मग लिक्विड पोचत नाही, कापूस कोरडा, झुरका मारला की घसा जळतो. टाकी भरून दहा मिनिटं ठेव, मग तीन-चार झुरक्यांनंतर टाकीत बुडबुडा वर येतो का बघ. येत असेल तर वाट मोकळी आहे. आणि लिक्विड ७० टक्के व्हीजीचं (जाडसर ग्लिसरीनचं) असेल तर ते एमटीएलच्या बारीक खिडक्यांना जड जातं, ५०-५० घे.

आता लिक्विड, कारण खरी गंमत इथे आहे. दुकानात तंबाखू म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं कॅरॅमल आणि व्हॅनिला, तंबाखू नावाला. अशा गोड लिक्विडवर कुठलाही आरटीए पास होतो रे, म्हणूनच तुला फरक कळत नाहीये. परीक्षा घ्यायची तर कोरड्या तंबाखूवर घे. व्हर्जिनिया पानात साखर जास्त, गवताळ गोडसर लागतं. बर्ली हवेवर वाळवतात, साखर जवळजवळ नसतेच, कोको-शेंगदाण्याच्या अंगाने जाणारी कोरडी चव. ओरिएंटल उन्हात सुकवलेला, जरा मसालेदार. लताकिया धुरावर शेकलेला, त्याचा वास म्हणजे पावसाळ्यात चुलीवरच्या माळ्यात महिनाभर राहिलेल्या गोधडीचा. ज्यांच्या नाकात निपाणीच्या बिडीच्या तंबाखूचा वास बसलाय त्यांना बर्ली जवळची वाटेल असा माझा अंदाज. तर गोडवा न घातलेलं बर्ली घे, दोन्ही आरटीएत तेच, निकोटीनही तेवढंच, कारण निकोटीन बदललं की घशाला बसणारा दणका बदलतो आणि आपण त्यालाच चव समजतो.

बघायचं काय, तर कमी वॉटवर पान ओळखू येतं का. चांगला एमटीएल आरटीए ११-१२ वॉटवरच सोडताना नाकातून कोरडा, किंचित कडवट शेवट देतो. १४ ला नेल्याशिवाय चव लागतच नसेल तर हवा फार आहे किंवा चेंबर मोठी आहे. दुसरं, टाकी पाऊण रिकामी झाल्यावर चव तशीच राहते का. पहिल्या भरणीला सगळेच छान असतात. सकाळी चहाच्या आधी बघ, गॅलीतलं झणझणीत कालवण जेवून वर येऊन फ्लेवर तपासू नको, आणि सिगरेट नुकतीच सुटली असेल तर जिभेला काही आठवडे दे. इंजिनरूमला लॉगबुक लिहितोस तसं ओहम, वॉट आणि एक ओळ चवीची लिहून ठेव, डोक्यात काही राहत नाही.

गळतीचं बोटीवर वेगळंच असतं. एसी केबिनमधून आखाती उन्हात डेकवर आलास की टाकीतली हवा फुगते आणि लिक्विड खाली ढकलते. लिक्विड कंट्रोल (लिक्विडची वाट बंद करायची सोय) बंद करून टाकी आडवी ठेव, थंडातून गरमात ने, तरीही हवेच्या भोकातून थेंब आला नाही तर तो आरटीए माझ्या हिशेबी पास, चवीत थोडा डावा असला तरी. टँकरवर असशील तर हे सगळं ठरवून दिलेल्या स्मोकिंग रूममध्येच, डेकवर असलं बॅटरीचं यंत्र खिशातसुद्धा नको.

आणि साइन-ऑफ होऊन बोटीवरून उतरल्यावर हे घरी आणायचं नाही, बाहेरून भारतात आणणं म्हणजे आयात, तिला बंदी आहे, पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सिंगापूरला शोर लीव्ह असेल तर तिथे २०१८ पासून नुसतं जवळ बाळगणं पण गुन्हा आहे.

प्रश्न: माझी कॉइल दोन दिवसांत काळी कोळसा होते. लिक्विड नकली आलं का?
– मुरूडचा एक खलाशी, सध्या समुद्रावर

उत्तर: लिक्विडचा रंग गडद, काळ्या चहासारखा असेल तर उलट अस्सल असण्याची शक्यता जास्त. पान भिजवून काढलेल्या अर्कात पानातली साखर आणि बारीक गाळ राहतो, तो तारेवर जळून बसतो. कृत्रिम फ्लेवरचं लिक्विड कॉइल पुष्कळ स्वच्छ ठेवतं पण चव त्या मानाने सपाट. कापूस काढून टाक, कॉइल कमी वॉटवर थोडी थोडी लाल कर, पाण्याखाली धर (मॉडवरून काढून, बरं का!), नवा कापूस घाल. तार एकसारखी मधून कडेला लाल होत नसेल तर ती फेकून नवी गुंडाळ, तार काय सोन्याची नाही.

प्रश्न: माझो झील बोटीवरसून घराक इलो. त्येच्या बॅगेत काचेची बारकी टाकी आणि बॅटरी असलेला कायतरी गावला. म्हणता, सिगरेट सोडूक घेतलंय. ह्या घरात ठेवलेला चलता काय?
– एक आई, वेंगुर्ले

उत्तर: नाही चलत, वहिनी. वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तेच, बाहेरून आणलं ही आयात झाली, निकोटीन असो-नसो. साठा करण्यावर वेगळी शिक्षा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक नग म्हणजे साठा का ह्यावर वकील भांडतील, पण तुम्ही त्या भानगडीत पडू नका. झीलावर ओरडू मात्र नका, सिगरेट सोडायला बघतोय हे खरंही असेल. वेपची वाफ निरुपद्रवी नाही आणि त्यात निकोटीन असेल तर त्याची सवय सुटत नाही, फक्त वाट बदलते. सुट्टीवर आहे तोवर त्याला १८००-११-२३५६ ह्या सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर बोलायला सांगा, फोन फुकट आहे. लिक्विडची बाटली असेल तर नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, निकोटीन पोटात गेलं तर पोराला विषबाधा होते. आणि तो बॅटरीचा सेल चुलीत किंवा परसातल्या कचऱ्याच्या जाळात जाऊ देऊ नका, फुटतो, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्या.