लहान शाळेच्या परिपाठात रोज नवी बातमी कुठून आणावी?

आपला प्रश्न असा आहे की, शाळा लहान आहे, पट जेमतेम शंभराचा आहे, परिपाठात मुले वर्तमानपत्रातील मथळे नुसते वाचून दाखवतात आणि ऐकणाऱ्यांचे लक्ष नसते. मग अशा शाळेत रोज सांगण्यासारखे घडते तरी काय? मी लालबाग-परळ भागातील एका लहान अनुदानित मराठी शाळेत प्राथमिक वर्गांना शिकवते आणि शाळेचा वार्ताफलक काही वर्षांपासून माझ्याकडे आहे, म्हणून अनुभवावरून उत्तर देते.

परिपाठातील पहिली बातमी शाळेचीच असावी, ती मुलांनी स्वतः जाऊन मिळवलेली असावी आणि ऐकणाऱ्याला ती पडताळून पाहता यावी, असे माझे ठाम मत आहे. दिल्लीत काल काय ठरले, हे दुसरीतल्या मुलाला तपासता येत नाही. जिन्याखालचा नळ दुरुस्त झाला की नाही, हे मात्र मधल्या सुट्टीत जाऊन पाहता येते, आणि एकदा पाहता येते म्हटल्यावर मुले कान देऊन ऐकू लागतात.

आमच्याकडे तिसरी-चौथीतील दोन मुलांची आठवड्याची पाळी असते. ती वही घेऊन शिपाई मामांकडे, पोषण आहार वाढणाऱ्या मावशींकडे आणि कार्यालयात जातात. सुरुवातीला रोज एकच वाक्य येई : ‘आज खिचडी छान होती.’ कोणाला छान लागली, किती जणांनी घेतली, किती उरली, असे मी विचारत गेले, तेव्हा कुठे बातमीत आकडे आले. पहिली ते पाचवीच्या मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे शासनाचे प्रमाण आहे, आणि वाढण्यापूर्वी शिक्षकाने चव घेऊन नोंदवहीत लिहायचे असते, हे मी मुलांना सांगितले. दुसऱ्याच दिवशी एका मुलाने माझ्यासमोर उभे राहून विचारले, “बाई, आज चव कोणी घेतली? सही दाखवता का?” मी वही उघडून दाखवली. त्या दिवसापासून ती नोंद वेळच्या वेळी होते, हे मला मोकळेपणाने सांगावेसे वाटते.

पावसाळ्यात तर बातमीची वाणच नसते. सपाट तळाची आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची एक काचेची बरणी आम्ही गच्चीवर उघड्यावर ठेवतो; शाळा भरताना मामा ती खाली आणतात आणि मुले आतल्या पाण्याची उंची पट्टीने मोजतात. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढा पाऊस, इतके ते सोपे आहे. वर्तमानपत्रात कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांचे सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांचे आकडे येतात, आणि आमची शाळा या दोहोंच्या मध्ये आहे, त्यामुळे तिन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले जातात. आमची मोजणी थोडी उशिरा होत असल्याने तंतोतंत तुलना होत नाही, हेही मुले आता स्वतःच सांगतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला सुमारे ७३. एकाच शहरात एवढे अंतर पडू शकते, हे ऐकल्यावर आपली स्वतःची बरणी कशासाठी, हे कोणाला समजावावे लागले नाही. २.५ मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला तर वेधशाळा तो पावसाचा दिवस धरत नाही, हे कळल्यावर चौथीतल्या एका मुलीने मथळा दिला होता : ‘काल आपण भिजलो, पण पावसाचा दिवस नव्हता.’

एक चूक मात्र माझ्याकडून झाली, ती आपण टाळावी. एकदा मुलांनी एका मुलीच्या वडिलांची नोकरी गेल्याची बातमी लिहिली. बातमी खरी होती, शुद्धलेखनही नीट होते, आणि मी घाईत ती तशीच फळ्यावर जाऊ दिली. ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. मी घरी जाऊन तिची आणि तिच्या आईची माफी मागितली. तेव्हापासून कोणाच्या घरची गोष्ट त्या मुलाच्या होकाराशिवाय फळ्यावर जात नाही, मग ती आनंदाची का असेना. शिक्षा, नापास होणे, आजारपण हेही आम्ही वगळतो. हा नियम आपण पहिल्या दिवशीच मुलांसमोर मांडून ठेवावा.

६ जानेवारीला पत्रकार दिन येतो. १८३२ साली त्याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, आणि त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला जाई. त्या दिवशी आमचा फळाही मधोमध रेघ मारून दोन भाषांत लिहिला जातो. बाकी दिनविशेष मी थोडक्यात आटोपते, कारण ते कोणत्याही पुस्तकात मिळतात.

रोजच्या पटाचा आकडा मात्र चुकवू नये. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांना तीन शिक्षक असतात, म्हणून आमच्यासारख्या शाळेत एक दाखला जाणे हीसुद्धा मोठी बातमी असते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, आणि कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे गेली. त्यामुळे हजेरीपटावर लाल शाईची रेघ मारण्याची वेळ आमच्यावर वारंवार येते. मुले तेही लिहितात : कोण गेले, कोणत्या गावाला गेले, नव्या शाळेचे नाव काय. जाणाऱ्या मुलाला आम्ही त्या दिवशीची बातमी त्याच्याच हाताने फळ्यावर लिहायला सांगतो आणि सही करायला लावतो.

फळा संध्याकाळी पुसण्याआधी तारीख घालून सगळे एका जाड वहीत उतरवून ठेवावे, एवढे आपण आवर्जून करा. गेल्या जूनमध्ये दुसरीत एक नवी मुलगी आली. पाळीच्या मुलांनी तिला विचारून लिहिले, ‘आज आपला पट एकाने वाढला. तिला खिडकीजवळ बसायचे आहे. जागा दिली.’ वहीत ही नोंद आहे, आणि खाली तिने स्वतः आपले नाव लिहिले आहे. त्यातला ‘ळ’ उलटा आहे, तो आम्ही तसाच ठेवला.