गाण्याचा व्हिडिओ आणि गायिकेचे संकेतस्थळ करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी कोणते संशोधन आणि नियोजन करावे?

तुम्ही लिहिले आहे की तुमचा चौघांचा गट सांगलीत माध्यमांचा अभ्यास करतो, या सत्रात एका गाण्याचा व्हिडिओ आणि त्या गायिकेचे संकेतस्थळ असे दोन्ही सादर करायचे आहे, आणि कॅमेरा कोणता घ्यावा व मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या कार्यशाळेत चित्रीकरण करावे का, येथे गाडी अडली आहे. अशा विद्यार्थी-प्रकल्पांना मी मार्गदर्शन करतो, आणि माझ्या मते हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. गाण्यावर हक्क कोणाचा आहे आणि ते गाणारी व्यक्ती लोकांसमोर कोण म्हणून उभी राहणार आहे, हे ठरले की कॅमेरा आणि जागा यांची निवड बरीच सोपी होते.

प्रथम हक्कांविषयी. चित्रपटातील एखादे लोकप्रिय गाणे घ्यावे, असा मोह बहुतेक गटांना होतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झाल्यावर, आगाऊ सूचना आणि मानधन देऊन, त्या गाण्याचे कव्हर, म्हणजे दुसऱ्या आवाजात पुन्हा गायलेली आवृत्ती, ध्वनिमुद्रित करता येते. परंतु ही सवलत ध्वनिमुद्रणापुरती आहे, त्यावर चित्र चढवण्याची परवानगी तिच्यातून मिळत नाही. त्यापेक्षा ओळखीतल्या कोणाचे स्वतःचे गाणे घ्यावे, किंवा तुकारामांचा अभंग, बालकवींची कविता अशी हक्कमुक्त रचना घेऊन नवी चाल लावावी. कवीच्या मृत्यूनंतर साधारण ६० वर्षे हक्क टिकतो. बालकवी १९१८ साली गेले, त्यामुळे त्यांच्या शब्दांची अडचण नाही. मात्र त्याच कवितेला दुसऱ्या कोणी लावलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क स्वतंत्र असतात, हे विसरू नये. गीतकार, संगीतकार, गायिका, वादक आणि ध्वनिमुद्रण करणारा या सर्वांची संमती लेखी घ्यावी, आणि त्या कागदावर मुदत व क्षेत्र स्पष्ट लिहावे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरतो. मित्रांमध्ये कसला कागद, असे वाटेल, तरीही घ्या.

दुसरे म्हणजे गायिकेची प्रतिमा, आणि संशोधनाचा मोठा भाग येथेच खर्च व्हावा. अँड्र्यू गुडविन या अभ्यासकाने १९९२ साली मांडलेले विवेचन या कामी आजही उपयोगी पडते. दृश्य हे शब्दांचे सरळ चित्रण करते, त्यांच्या अर्थात भर घालते, किंवा त्यांच्याशी मुद्दाम फारकत घेते, असे तीन संबंध त्याने सांगितले. शिवाय प्रत्येक संगीतप्रकाराच्या ठरलेल्या खुणा असतात आणि कलाकाराची ओळख ठसवण्यासाठी चेहऱ्याचे जवळून घेतलेले शॉट वारंवार येतात, हेही त्याने नोंदवले. ही चौकट पाठ करून अहवालात उतरवण्यात अर्थ नाही. तुमच्या गाण्याच्या बाजाचे काही व्हिडिओ निवडा, प्रत्येक व्हिडिओ एकदा आवाज बंद ठेवून पाहा आणि नोंदी करा: गायिका कॅमेऱ्याकडे कधी पाहते, कडव्याला जागा बदलते की ध्रुवपदाला, वाद्ये दिसतात की नाही, कपड्यांचे रंग कोणते. मग तुमच्या गायिकेशी सविस्तर बोला. भावगीत गाणारी मुलगी आणि रॅप करणारी मुलगी एकाच गल्लीत राहत असल्या तरी दोघींची गल्ली पडद्यावर एकसारखी दिसणार नाही. या साऱ्यातून एका पानात मावेल असे टिपण तयार करा. व्हिडिओचा रंग, संकेतस्थळाचा फाँट आणि गायिकेच्या परिचयाची भाषा हे तिन्ही त्या एका टिपणातूनच निघावेत.

प्रेक्षकांचे सर्वेक्षण बहुतेक गट उरकून टाकतात. ‘असा व्हिडिओ तुम्हाला आवडेल का?’ या प्रश्नाला वर्गमित्र होच म्हणणार. त्याऐवजी कथापटाची, म्हणजे शॉटमागून शॉट काढलेल्या रेखाटनांची, चित्रे मोबाइलवर टिपून गाण्याच्या लांबीवर बसवा, हा कच्चा आराखडा अनोळखी लोकांना दाखवा आणि ‘यात काय घडले?’ एवढेच विचारा.

हा आराखडा बसवताना ताल मोजणे फार उपयोगी पडते, आणि संगीताची थोडी जाण असलेल्या विद्यार्थ्याला ते कठीण नाही. गाण्याची लय मिनिटाला १०० मात्रा असेल तर एक मात्रा ०.६ सेकंदाची होते. सेकंदाला २५ फ्रेम या गतीने चित्रीकरण केले तर मात्रेला नेमक्या १५ फ्रेम येतात आणि आठ मात्रांच्या केहरवा तालाचे आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, ४.८ सेकंदांत, म्हणजे १२० फ्रेममध्ये पुरे होते. आवर्तनांचा तक्ता करून प्रत्येकासमोर शॉट लिहावा. प्रत्येक कट समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ठेवला तर थोड्याच वेळात प्रेक्षकाला पुढचा कट आधीच कळू लागतो, म्हणून काही शॉट मुद्दाम सम ओलांडून पुढे जाऊ द्यावेत. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात सरासरी तीन सेकंदांचा शॉट धरला तरी सुमारे सत्तर शॉट लागतात. हा आकडा पाहिल्यावर जागांची यादी आपोआप आखूड होते.

आता जागा. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळ्यांच्या राशी, लाकडाचा भुसा आणि जवारी काढणारे, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर खुलवणारे, हात हे सारे सुंदर दिसते यात शंका नाही. परंतु गाण्यात सतारीचा संबंध नसेल तर ती केवळ सजावट ठरेल, आणि कारागिराचा कामाचा दिवस त्यासाठी मोडू नये. कृष्णेचा घाट शहराच्या बाजूला आहे आणि पलीकडे पश्चिमेला सांगलीवाडी, त्यामुळे संध्याकाळी नदीकडे तोंड करून उभ्या असलेल्या गायिकेच्या चेहऱ्यावर थेट ऊन पडते. तिला पाठीमागून उजळलेली हवी असेल तर कॅमेरा घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर ठेवून नदीकडे रोखावा. आयर्विन पूलही चौकटीत घेता येईल. पावसाळ्यात पाण्याची पातळी वाढू लागली की घाटाचा विचार सोडून द्यावा. २०१९ चा पूर पाहिलेल्यांना याचे कारण सांगायला नको. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांच्या वेळी चित्रीकरण करायचे असेल तर बाजार समितीला आधी पत्र द्या. मिरज जंक्शनचे आकर्षण सर्वांनाच असते, मात्र रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा लावू नये.

कॅमेरा मोबाइलचा चालेल. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर एक-पन्नासांश सेकंद ठेवले तर ट्यूबलाइट लुकलुकताना दिसत नाही. अनेक मोबाइल फ्रेमची गती स्वतःहून कमीजास्त करतात आणि मग ओठ व आवाज यांचा मेळ सुटतो. त्यामुळे गती कायम ठेवणारे ॲप वापरा. गाणे स्पीकरवर मोठ्याने लावून गायिकेला खरोखर गायला सांगा. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि लबाडी लगेच कळते.

संकेतस्थळासाठीची छायाचित्रे चित्रीकरणाच्याच दिवशी, त्याच कपड्यांत आणि त्याच प्रकाशात काढायची आहेत. तेव्हा वेळापत्रकात त्यांना स्वतंत्र वेळ ठेवा, कारण दोन शॉटच्या मधल्या घाईत ती कधीच निघत नाहीत. व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून पानात जोडावा, म्हणजे पान हलके राहते. मजकूर युनिकोड देवनागरीत असावा. ‘मुक्त’सारखे मुक्त परवान्याचे फाँट त्यासाठी उपलब्ध आहेत. गाण्याचे पूर्ण शब्द, श्रेयनामावली, गायिकेचा परिचय आणि कार्यक्रमासाठी संपर्काची सोय एवढे असले की पुरे. संकेतस्थळाचा पत्ता विकत घेणार असाल तर तो गायिकेच्याच खात्यावर नोंदवा. सत्र संपल्यावर तुम्ही चौघे चार गावांना जाल, पण दरवर्षी नूतनीकरणाची सूचना ज्याचे खाते त्यालाच येत राहील.